गाळ्याचं भाडं वेळेवर, छताची पाहणी कधी?

शिरूरला माझ्या धाकट्या भावाचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. गाळा खाजगी मालकाचा. मागच्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. मालकाला फोन केला, चार दिवसांनी माणसं आली, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग झालं, विषय संपला.

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका तालुक्यात आमच्या मामूंच्या गॅरेजमध्ये स्लॅबचा पोपडा कोसळला. खाली उभ्या गाडीची काच फुटली. हाताखालचा पोरगा जोहरच्या नमाजला गेला होता म्हणून वाचला. हा गाळा नगरपरिषदेचा. मामूंनी दोन वर्षांत तीन अर्ज दिले होते. तिन्हींची पोच त्यांच्याकडे आहे, पाहणीला मात्र कुणी आलं नाही. वसुलीला माणूस दर मार्चला न चुकता येतो.

हा फरक फक्त माणसांच्या चांगुलपणाचा नाही, कायद्याचाही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999च्या कलम 14 नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. तो टाळत असेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम कापून घेऊ शकतो. पण याच कायद्याचं कलम 3 सांगतं की शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे भावाला जे संरक्षण आहे, ते मामूंना नाही. दुसरीकडे, 1965च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 92 भाडेपट्ट्याची मुदत साधारण तीन वर्षांची ठेवतं आणि भाडेकरूला पक्कं बांधकाम करू देत नाही. मग छताकडे बघायचं कुणी?

धोकादायक इमारतीच्या मालकाला नोटीस देण्याचा अधिकार नगरपरिषदेकडेच आहे. ती स्वतःच मालक असेल तर स्वतःला नोटीस कशी देणार? इथेच पाहणी अडते.

आता आपल्याही चुका बघू. गॅरेजमध्ये इंजिन उचलायला चेन-कप्पी लागते. तिचा हूक आपण बीम फोडून आतल्या सळईला वेल्ड करतो. तिथून पाणी शिरतं, सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. पोपडे पडतात ते असे. जागा कमी पडली की मधली भिंत काढतो, पोटमाळा टाकतो.

त्याहून मोठी गोष्ट कागदाची. मामूंचा गाळा मुळात दुसऱ्याच्या नावावर आहे. मामू पोटभाडेकरू, पागडी देऊन बसलेले. तिसऱ्या अर्जाला तोंडी उत्तर मिळालं, "चाचा, तुम्ही आमचे भाडेकरूच नाही." माझ्या पाहण्यात आपल्या कितीतरी मेस्त्रींची हीच गत आहे. लिलावाच्या वेळी अनामत भरायला पैसे नसतात, म्हणून दुसऱ्याच्या नावाखाली धंदा थाटायचा. छत पडलं तर मरणार हा, आणि तक्रारीचा हक्क नावावाल्याचा.

वक्फच्या मिळकतीबद्दल हनफी फिकहचा एक जुना नियम आहे. उत्पन्नातला पहिला खर्च त्या मिळकतीच्या डागडुजीचा, लाभार्थी त्यानंतर. वाकिफने तसं लिहिलं नसलं तरीही. कारण मिळकत टिकली तरच तिचा फायदा पुढच्यांना मिळेल. नगरपरिषदेचे गाळेही सगळ्या गावाची अमानतच आहेत. त्यांच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा आधी त्यांच्याच दुरुस्तीला बाजूला काढावा, एवढी मागणी कुणालाही पटेल. मात्र ती करण्याआधी आपल्या मशिदीच्या गाळ्यांची छतं शेवटची कधी तपासली, हे आपण आपल्या जमातच्या कमिटीलाही विचारलं पाहिजे.

दर मे महिन्यात अभियंत्याने प्रत्येक गाळा आतून बघावा. तारीख, दोष आणि दुरुस्तीची मुदत नोंदवहीत लिहावी आणि त्याची प्रत गाळ्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्याला द्यावी, नाव कागदावर कुणाचंही असो. पोटभाड्याचा प्रश्न वेगळा आहे, तो वेगळा सोडवा. त्याच्या आडून छताचा प्रश्न टाळू नका.

मामूंनी चौथा अर्ज दिला आहे. यावेळी सोबत फोटो लावलेत आणि शेजारच्या अकरा गाळेधारकांच्या सह्या घेतल्यात. हूकही काढून टाकला आहे.