खुराकात खेळही हवा

पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेले तीव्र कुपोषित मूल पहिले काही दिवस धड रडतसुद्धा नाही. आईच्या मांडीवर निपचित पडून असते; समोर कोणी टाळी वाजवली तरी मान वळवत नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी, कातडी सैल पडलेली आणि चेहरा थकलेल्या म्हाताऱ्यासारखा. रोज वजन होते, दर दोन-तीन तासांनी मोजून दूध पाजले जाते, तक्त्यावर आकडे चढत जातात. पण बालविभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या परिचारिकांना मूल सुधारू लागल्याचे अनेकदा तक्त्याच्या आधीच कळते. प्लास्टिकच्या बाटलीत चार खडे घालून केलेला खुळखुळा समोर हलवला आणि मुलाने त्याकडे हात पुढे केला, की त्या आईला निर्धास्तपणे सांगतात, ‘आता हे घरी जाणार.’

हा खुळखुळा म्हणजे कुणा परिचारिकेची हौस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषणावरील उपचारांचे दहा टप्पे ठरवून दिले आहेत. रक्तातील साखर घसरू न देणे, अंग गार पडू न देणे, जंतुसंसर्गावर प्रतिजैविके देणे हे त्यातले सुरुवातीचे टप्पे. त्याच यादीत नववा टप्पा आहे मुलाला माया आणि खेळ देण्याचा. रोज १५ ते ३० मिनिटे ठरवून खेळ घ्यावा आणि तो आईलाही शिकवावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र परिचारिका कमी आणि खाटा जास्त असल्या, की सर्वांत आधी गळतो तो हाच टप्पा. दुधाची एक पाळी चुकली तर विचारणा होते. खेळाची पाळी चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. घराघरांत आणि शाळाशाळांतही नेमके हेच घडते. अभ्यास, शिकवण्या, कामे उरकून वेळ उरला तर खेळ, आणि तो वेळ सहसा उरत नाही. अन्नाइतकीच निकडीची ही गरज आपण चैनीच्या रकान्यात टाकून ठेवली आहे.

ही निकड किती खरी आहे, याचा पुरावा जमैकातून मिळतो. डॉ. सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमध्ये उंची खुंटलेली १२९ बालके निवडली. वय ९ ते २४ महिने. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका तासभर जाई आणि आईला मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे दाखवी. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला काहीच नाही. खेळणी घरगुतीच होती, टाकाऊ वस्तूंपासून केलेली. हा उपक्रम दोन वर्षे चालला.

पुढे ही मुले मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता, त्यांची कमाई विशीत पोहोचल्यावर इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होती. उंची न खुंटलेल्या मुलांची त्यांनी बरोबरी गाठली होती. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या दुधाचा असा दीर्घकालीन फायदा मात्र दिसला नाही. याचा अर्थ दूध नको असा कुणी काढू नये. उपाशी मूल खेळू शकत नाही, हे उघडच आहे. पण पोट भरल्यावर मेंदूला जे लागते, ते वाटीतून मिळत नाही. ते समोरच्या माणसाकडून मिळते.

पदराआड तोंड लपवून आई ‘भो’ करते तेव्हा तान्हे मूल काय शिकते? दिसेनासे झालेले माणूस नाहीसे झालेले नसते. थोडे थांबले की ते परत येते. आणि आपण हसलो की तेही हसते. थांबणे, अंदाज बांधणे, आपली पाळी ओळखणे, समोरच्याचा चेहरा वाचणे. पुढच्या आयुष्यातील भाषा, संयम आणि विश्वास यांचा पाया या पोरखेळातच घातला जातो. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींच्या जोडण्या झपाट्याने तयार होतात आणि ज्या वापरात येतात त्या टिकतात. खेळात त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात.

खेळाची ओढ मेंदूत फार खोलवर रुजलेली आहे. जाक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. उंदरांची पिल्ले एकमेकांशी झोंबाझोंबी करताना, किंवा कुणी त्यांना गुदगुल्या केल्यावर, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक चिवचिवाट करतात, हे त्याने दाखवले. मेंदूचा वरचा थर जन्मानंतर लगेच काढून टाकलेली पिल्लेही खेळायची थांबत नाहीत. विचार करणारा भाग नसतानाही जी ओढ शिल्लक राहते, तिला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणून झटकून टाकता येणार नाही.

मूल शाळेत जाऊ लागले की प्रश्न बदलतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लगोरी, खो-खो, आट्यापाट्या, डब्बा ऐसपैस यांत ही ६० मिनिटे कुणी न मोजताच भरत. शिवाय या खेळांना पंच नसे. कोण बाद, कोण नाही, यावरून भांडण होई आणि ते मिटवल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. हरणे पचवणे, लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून सांभाळून घेणे, नियम सर्वांनी मिळून ठरवणे हे धडे तिथे मिळत. हल्ली अनेक घरांत खेळ म्हणजे फी भरून लावलेला क्लास झाला आहे. तो वाईट नाही. पण जिथे प्रत्येक सूचना प्रशिक्षक देतो आणि प्रत्येक सामन्याला पालक हजर असतात, तिथे मुलाने स्वतः ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

उघड्यावर खेळण्याचा आणखी एक फायदा पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही, तो डोळ्यांचा. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक अभ्यास झाला. काही शाळांत रोज शाळा सुटताना ४० मिनिटे मैदानावर घालवण्याची सक्ती केली, बाकीच्या शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लांबचे धूसर दिसण्याचा विकार, म्हणजे मायोपिया, जडला. मैदानावर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. मुलाला चष्मा लागला म्हणून गाजराचा रस पाजणाऱ्या घरांनी त्याला आधी उन्हात खेळायला सोडावे.

या वयात मुलींचा खेळ मुलांच्या आधी बंद होतो, हेही मान्य करायला हवे. दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या काखेत धाकटे भावंड येते, डोक्यावर हंडा येतो, आणि ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य येते. मैदानावरचा मुलगा गुणी खेळाडू आणि मैदानावरची मुलगी उनाड, हा समज अजून पुरता गेलेला नाही. पुढे चाळिशीत गुडघे, वजन आणि साखर घेऊन दवाखान्यात येणाऱ्या कित्येक स्त्रियांचा शेवटचा खेळ शाळेतलाच असतो.

मोठ्यांच्या खेळाची गोष्ट इथूनच सुरू होते. मधुमेह निघाला की प्रौढ माणूस चालायला लागतो, पण तोंड कडू करून, गोळी घेतल्यासारखा. महिन्याभरात ते चालणे सुटते. ज्यात मजा नाही ते टिकत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. कोपनहेगनमध्ये सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला. बैठी जीवनशैली असलेल्यांच्या तुलनेत धावण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे आयुर्मान ३.२ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, तर टेनिस खेळणाऱ्यांचे ९.७ वर्षांनी अधिक आढळले. टेनिस खेळणारे मुळातच सुस्थितीत असू शकतात, त्यामुळे हे आकडे जपूनच वाचायला हवेत. पण ज्या खेळांना भिडू लागतो ते वरचढ ठरले, ही बाब विचार करण्याजोगी आहे. भिडू वाट पाहत असतो, म्हणून माणूस अंथरुणातून उठतो.

आपल्याकडे मोठ्यांच्या खेळाची परंपरा नव्हती असे नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी, पिंगा घालून रात्र जागवणाऱ्या बायकांचा घाम निघत असे आणि मनही मोकळे होत असे. आता कित्येक ठिकाणी हौशी मंडळ बोलावले जाते आणि घरच्या बायका खुर्चीवर बसून त्यांचा कार्यक्रम पाहतात. पुरुषांचे क्रिकेटही बहुतेक पडद्यावरच चालते. पारावरचा पट गेला, कॅरम बोर्ड माळ्यावर गेला. एकच सावधगिरी: वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाने एखाद्या रविवारी एकदम गोलंदाजी करायला धावू नये. आधी काही आठवडे रोज चालावे, रक्तदाब आणि साखर तपासावी. खेळताना छातीत दाब, दम किंवा चक्कर जाणवल्यास तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

मोठे खेळेनासे झाले की मुलांच्या हाती मोबाइल येतो. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून अधिक नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा सल्ला आहे. मोबाइल मुलाला गप्प करतो, पण मूल हसले म्हणून तो हसत नाही. जमैकातील त्या तासाभरात मुलांना जे मिळत होते, नेमके तेच पडद्याकडे नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे त्यांनी मुलांच्या हाती दिले आणि मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज राज्यभर अंगणवाड्या आहेत, सेविका आहेत. त्यांच्या कामात वजनकाटा आणि आहाराचे पाकीट आहे. आईसोबत मुलाला खेळवण्याचा अर्धा तासही तितक्याच सक्तीने असायला हवा. पोषण पुनर्वसन केंद्रात खेळासाठी ठरलेली वेळ आणि जबाबदार व्यक्ती नेमावी, आणि ती पाळी झाली की नाही याची विचारणा दुधाइतकीच व्हावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. ते लग्नांना आणि वाहनतळाला देणे बंद व्हावे, आणि खेळाचा तास गणिताला उसना देणेही.

बुडीत मजुरीची चिंता करत चौदा दिवस खाटेशेजारी बसलेली आई मुलाला घेऊन घरी निघते, तेव्हा तिच्या कार्डावर काय आणि किती वेळा भरवायचे हे लिहिलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ हवी: रोज अर्धा तास मुलाशी खेळावे. आणि निघताना तो बाटलीचा खुळखुळाही तिच्या पिशवीत घालून द्यावा.