दुर्दैवाला उगाच दोष नको

काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. ‘दुर्दैवी अपघात’ हा त्यातलाच. कामावर माणूस दगावला की हा शब्द येतो, मागून मदतीची घोषणा येते आणि प्रकरण मिटतं.

आमच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली. लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले जवान तीत गेले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला, सोनेगाव आबाजीजवळ, निकामी करायला आणलेल्या जुन्या दारूगोळ्याच्या पेट्या उतरवताना स्फोट झाला. ६ जण गेले, त्यांत रोजंदारीचे मजूरही होते. आता मला सांगा, दारूगोळ्याची पेटी फुटू शकते हे कळायला पंचांग लागतं का?

धोका आधी दिसतो, आणि ज्याचा हात तिथं असतो त्याला सगळ्यांत आधी दिसतो. जिनिंगमधल्या मजुराला विचारा. कुठला पट्टा उघडा आहे, कुठं रुई साचली आहे, तो बोट दाखवून सांगेल. हे सरकारलाही कळतं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त झाला. धोकादायक कारखान्यात सुरक्षा समिती असावी, तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असावेत, असं त्यात आलं. पण रोजंदारीवाल्याला विचारतो कोण? तो बोलला तर उद्या त्याच्या जागी दुसरा!

शेत तर आपण कामाची जागा मानतच नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. लगेच शहाणी माणसं विचारू लागली, ‘मास्क का नाही लावला?’ अहो, डोक्याएवढी पऱ्हाटी, वरून आश्विनाचं ऊन, औषध तोंडावरच येणार. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे पंप पाठीवर घेणाऱ्या किती जणांना कुणी समजावून सांगितलं होतं? मास्क हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी कमी विषारी औषध, वाऱ्याची दिशा आणि कामाचे तास पाहायचे असतात. ते पाहणं मालकाचं, विक्रेत्याचं आणि कृषी खात्याचं काम. दोष मात्र मेलेल्याच्या माथी!

माझं मागणं फार मोठं नाही. काम सुरू करण्याआधी मजुराला एक प्रश्न विचारा, ‘बाबा, इथं तुला कशाची भीती वाटते?’ उत्तर वहीत लिहा. ते दुरुस्त होईपर्यंत काम थांबवा आणि खरं बोलणाऱ्याची रोजी कापू नका. एवढं करूनही काही झालं, तर खुशाल दुर्दैव म्हणा.