परतफेडीची घाई

मुलांच्या वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक बालपाहुण्याच्या हाती निघताना जी वस्तू दिली जाते, तिला महाराष्ट्रातील शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही 'रिटर्न गिफ्ट' म्हणतात, आणि ती द्यावी की देऊ नये याची चर्चा बहुधा खर्चाच्या अंगाने होते. पंचवीस मुले आणि प्रत्येकी दीडशे रुपये असा साधा हिशेब केला तरी केवळ या एका बाबीवर पावणेचार हजार रुपये जातात, म्हणून ती बंद व्हावी असे एका बाजूचे म्हणणे असते. मुले वाट पाहतात, मग त्यांचा हिरमोड का करावा, असे दुसऱ्या बाजूचे. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, परंतु तो दुय्यम आहे. देणे म्हणजे काय आणि घेणे म्हणजे काय, हे मुलाला घराबाहेरच्या माणसांच्या संदर्भात प्रथम कळते ते अशाच प्रसंगी, त्यामुळे त्या वेळी त्याच्या हातात काय पडते यापेक्षा ते कोणत्या नात्याने पडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या प्रथेचे नावच त्या नात्याबद्दल पुष्कळ सांगते. ब्रिटनमध्ये अशा भेटीला 'पार्टी बॅग', अमेरिकेत 'गुडी बॅग' आणि ऑस्ट्रेलियात 'लॉली बॅग', म्हणजे गोळ्या-चॉकलेटांची पिशवी, असे म्हणतात. ही तिन्ही नावे पिशवीची आहेत, ती का दिली याविषयी ती काही बोलत नाहीत. 'रिटर्न गिफ्ट' हा शब्दप्रयोग इंग्रजी असला तरी या अर्थाने तो भारतात रुळलेला आहे, आणि त्यात एक स्पष्ट विधान दडलेले आहे: तू जे आणलेस त्याच्या बदल्यात हे घे. अमेरिकेत वाढणारे मराठी कुटुंबातील मूल वर्गमित्राच्या घरून जी पिशवी 'गुडी बॅग' म्हणून आणते, तिलाच घरचे लोक 'रिटर्न गिफ्ट' म्हणतात, तेव्हा वस्तू तीच राहते, पण खाऊची जागा फेडीने घेतलेली असते.

भेटवस्तूंच्या व्यवहाराचा शास्त्रीय विचार करताना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांच्या 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. भेट ही वरकरणी ऐच्छिक दिसली तरी अनेक समाजांत तिच्याशी देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे अशी तीन बंधने जोडलेली असतात, असे त्यांनी दाखवून दिले. या मांडणीवरून रिटर्न गिफ्टचे समर्थनही करता येईल, कारण परतफेड हा भेटीचाच एक भाग आहे. परंतु पुढे पिएर बुर्द्यू यांनी या मांडणीत एक मोलाची भर घातली, ती काळाची. भेट आणि तिची परतफेड यांच्यात जे दिवस, महिने किंवा वर्षे जातात, त्यांच्यामुळेच भेट ही भेट राहते आणि सौदा होत नाही; मिळालेली भेट तिथल्या तिथे फेडून टाकणे हे ती नाकारण्यासारखेच असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. जपानमध्ये मिळालेल्या भेटीची परतफेड करण्याच्या पद्धतीला 'ओकाएशी' म्हणतात आणि ती भेटीच्या साधारण निम्म्या किमतीची असावी असा संकेत आहे. हिशेब इतका उघड असलेल्या त्या रीतीतही अपत्यजन्मानिमित्त आलेल्या भेटींची फेड काही आठवडे जाऊ देऊन केली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी समाजाला हा काळाचा नियम कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होता, याची साक्ष अहेराची वही देते. लग्नात कोणी काय दिले याची नोंद घराघरांत ठेवली जात असे, ती त्याच संध्याकाळी हिशेब चुकता करण्यासाठी नव्हे, तर त्या घरी पुढे जेव्हा कार्य निघेल तेव्हा आपल्याकडून उणे राहू नये यासाठी. मधल्या आठ-दहा वर्षांत दोन्ही घरे एकमेकांशी त्या न फिटलेल्या देण्याने बांधलेली राहत. या रीतीतही ओझे होते, मानापमान होते, आणि 'कृपया अहेर आणू नये' ही लग्नपत्रिकेवरची ओळ त्या ओझ्यातूनच आली, हे विसरता येणार नाही. तरीही कार्यालयाच्या दारातच अहेराची फेड करण्याची कल्पना त्या पिढीला अपमानास्पद वाटली असती.

तिथल्या तिथे होणारी देवाणघेवाण मराठी सणांत नाही असे मात्र नाही. दसऱ्याला आपट्याची पाने देणाऱ्याला आपट्याचीच पाने मिळतात आणि संक्रांतीला तिळगूळ देणाऱ्याच्या हातावर लगेच तिळगूळ ठेवला जातो. परंतु या दोन्ही प्रसंगी दिलेली आणि घेतलेली वस्तू एकच असते आणि तिची किंमत कोणी करत नाही, म्हणून तेथे फेड होत नाही; दोघांनी एकच शब्द एकमेकांना उच्चारून दाखवावा तसे ते असते. अडचण निर्माण होते ती वस्तूला किंमत असते आणि ती लगेच परत येते तेव्हा. वाढदिवसाच्या दारात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

बालकांच्या निमित्ताने होणाऱ्या जुन्या मराठी समारंभांचे स्वरूप या दृष्टीने तपासले असता त्यांत परत करण्यापेक्षा वाटण्यावर भर असल्याचे दिसते. बारशाला हरभरे किंवा गहू, ज्वारी यांसारखे धान्य भिजवून आणि उकडून केलेल्या घुगऱ्या जमलेल्या बायकामुलांना वाटल्या जातात. कोणी बाळंतविडा आणला, कोणी केवळ बाळाला पाहायला आले, तरी घुगऱ्यांच्या वाट्यात फरक पडत नाही. वडीलधारे माणूस पुढे त्या मुलाला मोठेपणी 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या आहेत' असे ऐकवते तेव्हा ते वयाचा अधिकार सांगत असते, हे खरेच, पण त्या मूठभर घुगऱ्यांनी जुळलेला संबंध तीस-चाळीस वर्षांनीही जिवंत आहे हेही त्या बोलण्यातून सांगितले जाते.

याहूनही बोलके उदाहरण बोरन्हाणाचे आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे म्हणजे बारीक तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा असे पदार्थ ओततात. अलीकडे त्यांत गोळ्या-चॉकलेटांची भर पडली आहे. ते सर्व जमिनीवर सांडते आणि भोवती बसलेली मुले ते वेचण्यासाठी झेपावतात. येथे नावानिशी बांधलेली पुडी नाही, मोजलेला वाटा नाही आणि आणलेल्या भेटीकडे पाहून ठरवलेली वस्तू तर नाहीच. ज्याच्या ओंजळीत जेवढे मावते तेवढे त्याचे, आणि मागे राहिलेल्या लहानग्याच्या फ्रॉकच्या ओच्यात आपल्यातले चार करवे टाकणारी एखादी मोठी मुलगी बहुधा तेथे असतेच. मराठीत 'लुटणे' हे क्रियापद हिसकावून घेण्यासाठी जसे वापरतात तसे सढळ हाताने वाटून टाकण्यासाठीही वापरतात. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचे वाण ही दोन्ही लुटायचीच असतात. घेणारा आणि देणारा यांना एकच क्रियापद पुरते, ही या भाषेची मोठी श्रीमंती आहे आणि बोरन्हाणाच्या पाटाभोवती ती प्रत्यक्ष पाहायला मिळते.

वाणाचा उल्लेख आला असता जुन्या रीतींचा सरसकट गौरव करणे टाळले पाहिजे. हळदीकुंकवाचे वाण हे सुवासिनींपुरते राखलेले होते आणि विधवा स्त्रियांना त्यातून वगळण्याची क्रूरता अनेक घरांत अजूनही संपलेली नाही. शिवाय वाण म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या आणि वाट्या यांचा साठा पाहता, वाटण्याच्या प्रथेचे वस्तूंच्या ढिगाऱ्यात रूपांतर होण्यास रिटर्न गिफ्टचीच गरज असते असे नाही. बोरन्हाणाचा आदर्श यासाठी अधिक उपयोगी आहे की त्यातले बहुतेक सारे संध्याकाळपर्यंत खाऊन संपते आणि बोलावण्याला मूल असण्यापलीकडे कोणतीही अट नसते.

आधुनिक काळात वाटण्याची ही रीत शाळेने उचलली. वाढदिवसाच्या दिवशी गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून वर्गात फिरत गोळ्या वाटणे, हा अनेक पिढ्यांच्या आठवणींचा भाग आहे. विलेपार्ल्यात 1929 साली सुरू झालेल्या पारले कंपनीच्या आणि मालेगावजवळच्या रावळगाव येथे 1942 पासून बनू लागलेल्या गोळ्यांनी तिला हाताशी येईल असा स्वस्त खाऊ पुरवला. वर्गातील चाळीस मुलांपैकी कोणीही काही आणलेले नसे, तरी प्रत्येकाला एक गोळी मिळे आणि बाईंना बहुधा दोन. वाटणारे मूल स्वतःच्या हाताने वाटत असे, ही या रीतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

तिचे महत्त्व केवळ भावनिक नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लारा ॲकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या आतील मुलांना खाऊ देण्यात आला आणि तो एका बाहुल्याला देण्याची संधीही देण्यात आली. मुलांच्या चेहऱ्यांवरील भावांचे मोजमाप केले असता खाऊ मिळाला त्या वेळेपेक्षा तो देताना ती अधिक आनंदी दिसली, आणि आपल्या स्वतःच्या वाटीतला खाऊ दिला तेव्हा तर त्याहूनही अधिक. एका लहान प्रयोगावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत हे मान्य केले तरी, ज्या मुलाचा वाढदिवस आहे त्याला देण्याचा आनंद आजच्या समारंभात कोठे मिळतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच. पाकिटे आईने मागवलेली असतात, ती दाराशी मावशी किंवा काका देत असतात, आणि उत्सवमूर्ती त्या वेळी आत भेटवस्तूंची वेष्टने फाडण्यात गुंतलेली असते. पाहुण्या मुलानेही जी भेट आणली ती त्याच्या हातून यजमान मुलाच्या हाती जाण्याऐवजी एका टेबलावर ठेवली जाते. म्हणजे दोन्ही मुले घेतात, आणि देत कोणीच नाही.

खर्चाचा मुद्दा येथे पुन्हा येतो, पण वेगळ्या रूपात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटलगतच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किंवा पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत डझनाच्या भावाने अशा वस्तू घेता येतात, त्यामुळे यजमानांवरचा भार हलका करण्याची सोय आहे. भार पडतो तो पाहुण्याच्या घरावर. गेल्या वेळी आपल्या मुलाने दोनशे रुपयांची पाण्याची बाटली आणली, तर आता त्याला पन्नास रुपयांचे पुस्तक घेऊन कसे पाठवावे, या विचाराने 'ताप आहे' असे सांगून मुलाला घरीच ठेवणारे आईबाप असतात. सोसायटीच्या रखवालदाराच्या किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला आवर्जून बोलावले जाते, तेव्हा त्याच्या हातातील दहा रुपयांच्या पेनाच्या बदल्यात त्याला मिळालेले भरगच्च पाकीट त्याच्या आईला सुखाऐवजी संकोच देऊ शकते. घुगऱ्यांनी असा संकोच कधी कोणाला दिला नाही, कारण त्या कशाच्याही बदल्यात नव्हत्या.

वस्तूंच्या दर्जाविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे, आणि डझनाने घेतलेल्या सुट्या खेळण्यांवर ते आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी असलेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंत फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचे थर्माकोल यांचाही समावेश आहे.

रिटर्न गिफ्टऐवजी रोपटे किंवा गोष्टीचे पुस्तक द्यावे, असा सुधारणेचा मार्ग पुष्कळजण सुचवतात. पुस्तक केव्हाही चांगलेच, पण ते दारात, पाकिटात, बदल्यात दिले गेले तर मूळ अडचण तशीच राहते. मुलांना रिकाम्या हातांनी पाठवू नये ही भावना अत्यंत योग्य आहे आणि ती जपण्यासाठी प्रथेचे केवळ नाव व वेळ बदलली तरी पुष्कळ साधते: भेटी स्वीकारण्याआधीच, आलेल्या प्रत्येक मुलाला वाढदिवसाच्या मुलाने स्वतःच्या हाताने खाऊ द्यावा, सर्वांना सारखा द्यावा, आणि त्याला खाऊच म्हणावे. मोठ्या परातीत चुरमुरे, शेंगा आणि गोळ्या ओतून बोरन्हाणाची लूट जुलै महिन्यातही करता येईल; तिला संक्रांतीचीच वाट पाहण्याचे कारण नाही.

आलेल्या भेटीचे काय, असे मग विचारले जाते. भेट देणाऱ्या मुलासमोर ती उघडावी, तिच्याशी त्याच्याबरोबर थोडे खेळावे, आणि ती फिटली नाही याची चिंता करू नये. त्या मित्राचा वाढदिवस मार्चमध्ये असेल, तर त्याला काय आवडते हे शोधून काढायला मार्चपर्यंतचा वेळ आहे.