'उचित' शब्दाचे दोन अर्थ

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून घरातला चालता कॉम्प्युटर भंगारात घालू नका, त्यावर फ्री सॉफ्टवेअर घालून बघा, असं मागं या सदरात लिहिलं होतं. त्यावर खानापूर भागातल्या एका वाचक भगिनींनी विचारलं, "ताई, एवढं सगळं फुकट कोण देतंय हो? काहीतरी गोम असणारच की!"

शंका रास्त आहे. फुकट मिळालेल्या वस्तूकडं आपण जरा संशयानंच बघतो. आपल्या भागात तर या शब्दाची गंमतच आहे. मराठीत फुकट, कन्नडमध्ये पुक्कटे. पण कन्नड पाटीवर लिहिताना 'उचित' असं लिहितात, आणि मराठी माणूस ते वाचून म्हणतो, उचित म्हणजे तर योग्य! फ्री सॉफ्टवेअरच्या बाबतीत मला हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात.

इथला 'फ्री' हा मुळात 'मुक्त' या अर्थाचा आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली. सॉफ्टवेअर कशासाठीही वापरा, आतून उघडून बघा, हवं तर बदला आणि दुसऱ्यालाही द्या, अशा या चार मोकळिकी. लोकांनी मग भराभर लिहायला सुरुवात केली. पण लिहिणारे हजार आणि ठिकाणं हजार. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. लग्नघरात शेजाऱ्यांनी आपापल्या घरून पातेली आणून ठेवावीत आणि कशात काय आहे ते कुणालाच माहीत नसावं, तसं झालं.

ही पातेली नीट लावून ठेवायचं काम हाती घेतलं ते इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं. १६ ऑगस्ट १९९३ला त्यानं 'डेबियन'ची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांची ही जोडणी. पुढं १९९७ मध्ये या मंडळींनी एक लेखी वचननामाच केला. आमचा संग्रह पूर्णपणे मुक्तच राहील आणि त्यातले दोष आम्ही लपवणार नाही, ही त्यातली दोन वचनं. दोष लपवणार नाही असं लिहून देणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का कधी?

संग्रह कसा वाढला ते बघा. जून १९९६ मधल्या 'बझ' आवृत्तीत ४७४ पॅकेजेस होती. २००५च्या 'सार्ज'मध्ये ती पंधरा हजारांच्या वर गेली. ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या 'ट्रिक्सी'मध्ये ६९ हजार ८३० आहेत. मुलांनी ही नावं लगेच ओळखली असतील. ती 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची आहेत. त्या वेळचे डेबियनचे प्रमुख ब्रूस पेरेन्स हे तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सार कंपनीत नोकरीला होते.

पण वाढता संग्रह म्हणजे नुसती भर नव्हे. माळ्यावर भांडी चढवत राहिलं तर एक दिवस माळाच खाली येतो. 'ट्रिक्सी'च्या वेळी ८ हजार ८०० हून जास्त जुनी पॅकेजेस काढूनही टाकली. नवीन घेताना जेवढी पारख लागते, तेवढाच काढताना धीर लागतो.

दुसरी अडचण परावलंबनाची. पुरणपोळी करायची म्हटली की हरभऱ्याची डाळ हवी, गूळ हवा, पुरणयंत्र हवं. सॉफ्टवेअरचंही तसंच. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला फोटोची फाइल वाचणारा दुसरा लागतो, त्याला आकसलेली फाइल उलगडणारा तिसरा. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजबरोबर अशी यादी लिहिलेली असते. १९९९च्या आवृत्तीपासून 'ॲप्ट' नावाचा हरकाम्या ती यादी वाचतो, घरात काय आहे ते बघतो आणि नसेल तेवढंच घेऊन येतो. आपण फक्त पुरणपोळी म्हणायचं.

हा माल घरोघरी पोचतो कसा? पूर्वी सीडींच्या चळती हातोहात फिरायच्या. आज जगभरातली विद्यापीठं आणि संस्था आपापल्या सर्व्हरवर या संग्रहाची प्रत ठेवतात. कुठल्याही प्रतीतून घ्या, कारण त्यावर डिजिटल सहीची मोहर असते. सोन्यावरचा हॉलमार्क बघावा तशी ती 'ॲप्ट' तपासून घेतो. वाटेत कुणी भेसळ केली, तर मोहर जुळत नाही.

मग सगळं निर्धोक आहे का? तसं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये काय झालं ते सांगते. 'एक्सझेड' नावाचं फायली आकसून ठेवणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लाखो कॉम्प्युटरमध्ये ते असतं. त्याची देखभाल वर्षानुवर्षं एकच माणूस करत होता, तीही विनामोबदला. तो थकला होता. कुणीतरी खोट्या नावानं मदतीला आलं, दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. अर्धा सेकंद! त्यानं पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ला सगळ्यांसमोर मांडलं. कोड उघडा होता, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं.

डेबियनमध्ये नवीन माल आधी 'सिड'मध्ये येतो. सिड म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा पोरगा. तिथं टिकला तर चाचणीच्या फळीवर, आणि बऱ्याच महिन्यांनी 'स्टेबल' म्हणजे पक्क्या फळीवर. चोरदरवाजा पहिल्या दोन फळ्यांपर्यंत आला होता, पक्क्या फळीवर पोचला नव्हता. नव्या मालाची घाई न करण्याचा हा फायदा.

माझ्या मनात मात्र राहिला तो थकलेला माणूस. फुकट मिळतं म्हणजे त्यामागं कष्ट नाहीत, असं आपण धरून चालतो. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजवर ते सांभाळणाऱ्याचं नाव असतं. त्याला जमेनासं झालं की ते पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर यादीत घालतात आणि कुणीतरी दत्तक घेईल याची वाट बघतात. मला जमत नाही, कुणी घेता का, असं चारचौघांत सांगण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडं मंडळं आणि वाचनालयं एकाच माणसाच्या खांद्यावर चालतात. तो बसला की कुलूप लागतं.

आता थोडं आपल्या घरापुरतं. या संग्रहात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. डेबियन घालतानाच्या सूचना दोन्ही भाषांत निवडता येतात. 'लोहित' फाँट देवनागरीसाठी आहे, कन्नडसाठीही आहे. खास कन्नडसाठी 'गुब्बी' आणि 'नविलु' असे फाँट आहेत, म्हणजे चिमणी आणि मोर. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर दोन्ही लिप्यांत 'क' एकाच कळीवर मिळतो. आजीचं मराठी पत्र आणि नातवाचा कन्नड निबंध, बोटांना एकच सवय.

करून बघायचं असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रांची दुसरीकडं प्रत काढून ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणारी 'लाइव्ह' आवृत्ती लावून बघा, त्यानं आतलं काही पुसलं जात नाही. फारच जुना ३२-बिट कॉम्प्युटर असेल तर 'ट्रिक्सी' त्यावर नव्यानं बसणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींना एक सांगणं आहे. या हजारो पॅकेजेसची वर्णनं स्वयंसेवक आपापल्या भाषांत उतरवतात. मराठी आणि कन्नड दोन्ही सहज येणारी मुलं पुण्यात शोधावी लागतील, म्हैसूरमध्येही. आपल्या भागात ती घरोघरी आहेत. सुट्टीत दहा वर्णनं दोन्ही भाषांत करा. घेतलेल्याची ती उचित परतफेड होईल, मराठी अर्थानं.