चाकांवरच्या घरातील न दिसणारी कामे

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचे फिरते घर करण्याची हौस आता काही कुटुंबांत दिसू लागली आहे. तीर्थयात्रेला निघावे, घरच्या हातचे भोजन करावे आणि सूर्यास्तापूर्वी ओटा आवरावा, ही सोय मोहक आहेच. (आसने काढून पलंग बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुमती मात्र घ्यावी, मोटार वाहन कायद्याचे कलम 52 त्यासाठीच आहे.) पण कामाला आरंभ होतो तो पडदे आणि गाद्यांपासून, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते मागे राहते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, पलंगाखालच्या खणात शिरतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंदिस्त असावा, त्याचे दार बाहेरून उघडावे आणि तळाला थेट बाहेर जाणारे भोक ठेवावे. गळतीची सूचना देणारे यंत्र छताजवळ लावून उपयोग नाही. ते जमिनीपासून वीतभर उंचीवर हवे. गॅसची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. सांधे तपासण्याचे काम मात्र साबणाच्या पाण्याने घरच्या कोणालाही करता येते.

कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. हवा अपुरी पडली की शेगडीतून तो निर्माण होतो आणि निजलेल्यांना जागही येत नाही. त्याचे यंत्र उशाच्या उंचीवर असावे. दिव्याकडे कीटक येऊ नयेत म्हणून कित्येकजण झरोके कापडाने बुजवतात. हेतू जीवदयेचा, पण आतल्या माणसांचा श्वासही त्याच झरोक्यातून येतो. तेथे जाळी बसवावी आणि धुळीने ती बुजू नये म्हणून मुक्कामोमुक्कामी झाडावी. थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवणे तर सर्वथा वर्ज्य.

बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, हा समज सर्वांत फसवा. 1000 वॉटची किटली घरी चार-साडेचार अँपिअर घेते. तीच इन्व्हर्टरमार्फत 12 व्होल्टच्या बॅटरीतून ऐंशीहून अधिक अँपिअर ओढते. बारीक वायर तापते, आवरण वितळते, आणि हे सारे घडते प्लायवुडच्या मागे. वायर जाड तांब्याची घ्यावी, फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवावा. तो वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नये, दोष शोधावा.

वर्षातून दोनदा निघणाऱ्या वाहनाचे टायर झिजत नाहीत, म्हणून नवे भासतात. त्यांचे वय बाजूवरच्या चार अंकांत असते: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

राहिले अग्निशामक. ते शेगडीशेजारी टांगण्याची रीत चुकीची. ज्वाळांवरून हात नेऊन ते कोण काढणार? त्याची जागा दाराजवळ.