दुधाचे ऐंशी किलो आणि माझे नव्वद

जाड माणसाने सायकल चालवू नये, असा काही कायदा आहे काय? नाही. पण गेल्या वर्षी जुलै महिन्यात, कॉलेजच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर माझ्या नव्या सायकलच्या मागच्या चाकाचा आरा ताडकन तुटला, तेव्हा रस्त्यावरच्या तिघाचौघांनी जो निकाल दिला तो कायद्यासारखाच होता. "सायकलचा काय दोष? बसणारीकडे बघा की!" महिन्याभरात तुटलेला तो तिसरा आरा होता. मान खाली घालून मी सायकल ढकलत नेली. त्या दिवशी पहिला तास बुडाला आणि पुढे आठवडाभर मी कॉलेजला आलेच नाही.

त्या निकालावर मला या लेखातून अपील करायचे आहे.

माझे वजन नव्वद किलो आहे. हा आकडा लिहिताना हात अडखळला, पण तो लपवला तर पुढचे सगळे हिशेब चुकतील. आमची वाडी कृष्णाकाठी, कॉलेजपासून नऊ किलोमीटरवर. सकाळची एस.टी. साडेनऊला आणि पहिला तास आठला! आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आण्णा चौथी शिकले, आई सहीपुरते. तेव्हा सायकल ही माझी हौस नव्हे. सायकल मोडली की माझे शिक्षण मोडते, इतका तो साधा संबंध आहे.

नवी सायकल घ्यायला आण्णा आणि मी गेलो तेव्हा दुकानदाराने मला रंग कोणता हवा ते विचारले, पुढे टोपली हवी का तेही विचारले. वजन मात्र विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, लाज वाटली. सहा गिअर, मागे शॉकअप, मुलींची म्हणून वरची दांडी नसलेली, अशी चकचकीत सायकल आम्ही घरी आणली. म्हशीच्या दुधाचे चार महिन्यांचे पैसे तिच्यात गेले.

तिसरा आरा तुटल्यावर ती स्टँडजवळच्या चाचांकडे नेली. चाचांनी चाक फिरवून पाहिले, दोन दोन आरे चिमटीत धरून दाबले आणि म्हणाले, "पोरी, तुझी चूक नाही. हे चाक कुणी हाताने कसलेलंच नाही." मग त्यांनी औट काढता काढता मला जो धडा दिला, तो कोणत्याही तासाला मिळाला नसता.

चाकाचा आरा ओझ्याखाली दबून मोडत नाही. तो ताणलेल्या तारेसारखा असतो. चाक फिरताना जो आरा जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना तो पुन्हा ताणला जातो. तार तोडायची असली की आपण ती वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो. शेवटी ती तुटते. आऱ्याचेही तसेच होते, आणि तो बहुधा हबजवळच्या वळणाशीच तुटतो. सव्वीस इंची चाक माझ्या जाण्यायेण्याच्या अठरा किलोमीटरांत साडेआठ हजारांहून अधिक फेरे घेते. आरे आधीच ढिले असतील तर प्रत्येक फेऱ्याला त्यांची ओढाताण होणारच. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो; घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की धाकट्यांवर पडतो तसा.

घरी आले तेव्हा गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या आण्णांच्या जुन्या काळ्या सायकलकडे प्रथमच नीट पाहिले. मोटारसायकल येईपर्यंत आण्णांनी तिच्यावरून डेअरीला दूध नेले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस लिटरची कॅन. ऐंशी लिटर दूध म्हणजे ऐंशी किलोहून थोडे अधिकच. शिवाय कॅनचे वजन, शिवाय आण्णा. सगळे मिळून दीडशे किलोच्या घरात! तेही उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून. मी आरे मोजले. पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस. सरळ बसून सायकल चालवताना निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या चाकावर येतो, हे ज्याने ती घडवली त्याला ठाऊक होते.

आणि तेव्हाच मनात एक प्रश्न आला. आण्णा दीडशे किलो घेऊन गावातून जात, तेव्हा त्यांना कुणी हसले होते काय? उलट "गडी कष्टाळू आहे" असेच लोक म्हणत. म्हणजे सायकलला ओझे पेलत नाही हे खोटे आहे. दुधाचे ऐंशी किलो चालतात. पोरीचे नव्वद चालत नाहीत. अडचण लोखंडाची नाही, आपल्या नजरेची आहे. त्या नजरेमुळे दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईक सांगत नाही, आणि हलक्या माणसासाठी केलेली वस्तू भारी माणसाच्या गळ्यात पडते.

माझ्यासारख्यांनी सायकल घेताना काय पाहावे, ते आता अनुभवाने सांगते. पहिले म्हणजे मागचे चाक. छत्तीसपेक्षा कमी आरे नकोत. चाळीस मिळाले तर उत्तम. आऱ्याच्या तारेचा नंबर जितका लहान तितकी तार जाड, हेही लक्षात ठेवावे. नवे चाक असले तरी जाणत्या कारागिराकडून आरे एकसारखे कसून घ्यावेत. या कामाला पैसे थोडे लागतात आणि चाकाचे आयुष्य त्यानेच वाढते. दुसरे म्हणजे टायर. ते रुंद असावे आणि त्याच्या बाजूवर छापलेली मर्यादा पाहून हवा पुरेशी भरावी. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटते व तिला दोन शेजारी भोके पडतात. तिसरे म्हणजे सांगाडा. त्रिकोण हा आकार सहज मुरडत नाही. वरची दांडी काढली की सांगाडा अधिक लवचिक होतो. मुलींच्या सायकलला ती दांडी नसते, कारण आमच्या कपड्यांचा विचार केला गेला. आमच्या वजनाचाही व्हायला हवा होता.

स्वस्त शॉकअप भारी माणसाच्या कामाचे नाहीत. पेडल मारण्याची काही ताकद ते झोके देण्यात घालवतात. गिअरचेही तसेच. स्वस्त सायकलींत पाच-सहा चकत्यांचे फ्रीव्हील हबवर पिळून बसवतात, त्यामुळे उजवीकडचे छर्रे आत राहतात, एक्सलचे टोक बिनआधाराचे उरते आणि भाराखाली वाकते. छर्रे टोकाजवळ नेणारा हब जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली बाजारात आणला. गिअर हवेच असतील तर तसा हब असलेली सायकल घ्यावी. नाहीतर एकाच चकतीची बरी.

काळ्या सायकलचे मी फक्त गुणगान करणार नाही. ती स्वतःच वीस किलोच्या आसपास भरते, चढावर दम काढते. दांड्यांचे ब्रेक पावसात ओल्या लोखंडी रिमवर नीट धरत नाहीत, आणि वजन जास्त तितका ब्रेकला जोर जास्त लागतो. मी ब्रेकचे रबर नवे घातले आहे आणि कॅनॉलच्या उतारावर आधीपासूनच वेग आवरते.

"त्यापेक्षा वजनच कमी कर ना," असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. वजन कमी करायला डॉक्टर सायकल चालवायला सांगतात आणि तुम्ही म्हणता आधी वजन कमी कर, मग सायकलवर बस. मग आम्ही सुरुवात करायची तरी कोठून?

माझी मागणी मोठी नाही. अनेक कंपन्या सायकल किती वजन पेलते ते माहितीपत्रकात छापतात. तो आकडा दुकानात किमतीच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत लावावा. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. ती देताना मुलीची उंची आणि वजनही विचारात घ्यावे. आणि दुकानदाराने "वजन किती?" असे विचारले तर आपण लाजू नये. शिंप्याला माप देताना आपण लाजतो काय?

गेले आठ महिने मी आण्णांच्या सायकलवरून येते. नवे टायर घातले, मागचे चाक चाचांकडून कसून घेतले. एकही आरा तुटलेला नाही आणि सायकलपायी एकही तास बुडालेला नाही. दांडीवरून पाय टाकून बसताना अजून कुणीतरी हसते. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा आण्णांनी मागचे टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "हिनं लई ओझी ओढल्यात. आता पुस्तकं न्यायची म्हणजे तिला सुट्टीच की!"

माझ्या वजनाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला