सनदी सेवक आणि त्याचे धनी

विकासाचा पैसा कोठून येतो आणि कोणत्या अटींवर येतो, हा प्रश्न सचिवालयापुरता मानण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती घातक आहे. चंद्रपूरहून निघणारी ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी आमच्या पडघ्याला येऊन संपते. १,५०० मेगावॉट वीज वाहून आणण्याची तिची क्षमता आहे. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्गही २०२५ च्या जूनमध्ये पुरा होऊन याच भिवंडी तालुक्यातील आमण्याला टेकला. ज्यांच्या शेतांवरून विकास असा जातो, त्यांनी तो ठरविणारे कोण, हे विचारलेच पाहिजे. त्या दृष्टीने चिंतामणराव देशमुखांची कारकीर्द पुन्हा तपासण्याजोगी आहे.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा बुद्धिमान पुरुष १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला आला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात रुजू झाला. १९४३ च्या ऑगस्टमध्ये तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. तो काळ बंगालच्या दुष्काळाचा होता. ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानातून माल उचलीत होते आणि त्याचा मोबदला लंडनमधील स्टर्लिंगच्या नोंदींत जमा करीत होते. त्या नोंदींच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात होत्या. महागाईची झळ भूमिहीनाला बसत होती. सावकारी मात्र कागदोपत्री हिंदुस्थानची होती! परकी राजवटीच्या या व्यवहारात तिच्या सनदी नोकरांचाही हात होता, हे आदरापोटी झाकून ठेवण्याचे कारण नाही.

परंतु १९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने हाच प्रश्न मांडला. शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते; देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे त्यात होते. अडकलेल्या स्टर्लिंगपैकी काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत मोकळा व्हावा, ही त्यांची मागणी. मागास देशांच्या विकासाची गरज निधीच्या उद्दिष्टांत नमूद व्हावी, हीही मागणी. केन्स यांनी ऋण मान्य केले. परंतु ते संबंधित देशांनी आपसांत मिटवावे, असे सांगून विषय बाजूला सारला. ऋणको प्रबळ असला की धनकोलाच अर्जदार व्हावे लागते, हा धडा तेथे मिळाला.

पुढे १९५० ते १९५६ देशमुख अर्थमंत्री होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ साली, आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते १९५६ साली, त्यांच्याच कारकिर्दीत. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट आणि मुंबईतील गोळीबार यांच्या निषेधार्थ त्यांनी मंत्रिपद सोडले; मंत्रिमंडळाला डावलून निर्णय घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे आक्षेप केवळ निर्णयावर नव्हता, तो घेण्याच्या रीतीवर होता. १९६९ साली त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा घेतला. तो मार्ग आमचा नव्हे. तथापि खुर्चीपेक्षा कार्यपद्धती मोठी मानणारा सनदी सेवक म्हणून त्यांचे स्थान त्यामुळे ढळत नाही.

आज चित्र कसे आहे? जागतिक बँकेचे अध्यक्षपद अमेरिकेच्या पसंतीच्या माणसाकडे आणि नाणेनिधीचे संचालकपद युरोपियाकडे, हा १९४६ पासूनचा शिरस्ता मोडलेला नाही. २०२३ साली अध्यक्ष झालेले अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मले. परंतु त्यांचे नाव अमेरिकेने सुचविले होते. जन्मगावाचा अभिमान बाळगून मतांचे प्रमाण बदलत नाही. तेथे मत भांडवलाच्या प्रमाणात असते, माणसागणिक नसते.

आपले अधिकारी अशा संस्थांत जातात, परत येतात आणि धोरणे आखतात. अनुभव म्हणून हे वाईट नव्हे. परंतु ज्याने कालपर्यंत कर्ज देणाऱ्याची टिपणे लिहिली, तोच आज कर्ज घेणाऱ्याच्या वतीने अटी तपासणार असेल, तर धनी कोण हे स्पष्ट असले पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे असे : कर्जाच्या अटी स्वाक्षरीपूर्वी विधिमंडळापुढे याव्यात; अशा संस्थांतून परतलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक काळ त्याच संस्थेशी कर्जाची बोलणी करू नयेत; आणि प्रकल्पाचा करार मराठीत ग्रामसभेपुढे ठेवला जावा.

देशमुखांसारखा माणूस नशिबाने लाभतो. लोकशाही नशिबावर चालत नाही. आपापल्या तालुक्यातील एका तरी प्रकल्पाचा पैसा कोणाचा, अटी कोणत्या आणि परतफेड कोणाच्या खिशातून, याचा हिशेब कार्यकर्त्यांनी मागावा. ती सुरुवात पडघ्यातूनही होऊ शकते.